अवघड जागेची दुखापत आणि शस्त्रक्रियेची वेळ

‘अवघड जागीं दुखणें आणि जावई वैद्य’ ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली त्याला मनुष्यस्वभावाची पारख चांगलीच असली पाहिजे. दुखणें असह्य आहे, औषध जाणणारा मनुष्य घरांतच बसला आहे, आणि तरीहि तोंड उघडवत नाहीं! म्हण ऐकून लोक हंसतात व विसरतात. परंतु वैद्यकांत कांहीं दुखणीं अशीं आहेत कीं त्यांत हा संकोचच रोग्याच्या हानीचें मुख्य कारण होऊन बसतो. पुरुषाच्या जननेंद्रियाची जी दुखापत डॉक्टर लोकांत ‘फ्रॅक्चर’ या नांवानें ओळखली जाते, ती त्यांपैकीं एक होय.

ही दुखापत नित्य घडणारी नव्हे. बहुतेक कुटुंबांत तिचें नांवहि कधीं कानावर आलेलें नसतें, आणि म्हणूनच ती झाली म्हणजे झालें काय हेंच उमगत नाहीं. बहुधा रात्रीची वेळ असते. पलीकडच्या खोलींत वडील माणसें निजलेलीं असतात, मुलें झोपलेलीं असतात. आणि नवराबायको दोघेंहि घाबरून सकाळची वाट पाहात बसतात. सकाळ झाली म्हणजे दुपारची, आणि दुपार झाली म्हणजे सूज उतरेल या आशेनें दुसऱ्या दिवसाची. या वाट पाहण्याची किंमत काय पडते, आणि शस्त्रवैद्य ‘ताबडतोब’ हा शब्द वापरतात तेव्हां त्यांच्या मनांत किती तास असतात, हा येथें विचाराचा विषय आहे.

प्रथम ‘फ्रॅक्चर’ या शब्दाविषयीं. मनुष्याच्या शिश्नांत हाड नसतें. कुत्रा, अस्वल, वॉलरस अशा कित्येक सस्तन प्राण्यांना तेथें खरोखरच हाड असतें. मनुष्याला निसर्गानें तें दिलेलें नाहीं. त्याऐवजीं मनुष्याच्या इंद्रियांत लांबीच्या दिशेनें, एकमेकींस लागून, दोन नळकांड्या असतात. त्यांच्या आंत स्पंजासारखी, असंख्य पोकळ्यांनीं भरलेली रचना असते व बाहेरून एक पांढरें, चिवट वेष्टण असतें. या दोहोंच्या खालच्या अंगास तिसरी, मऊ नळकांडी असून तिच्यांतून मूत्रमार्ग जातो. ताठरतेच्या वेळीं पहिल्या दोन नळकांड्यांत रक्त भरतें, तें बाहेर नेणाऱ्या शिरा वेष्टणाखालीं दाबल्या जातात, आणि सायकलच्या ट्यूबमध्यें हवा कोंडावी तसें रक्त आंत कोंडलें जातें. ट्यूब फुगली म्हणजे तिचें रबर ताणून पातळ होतें. येथेंहि तेंच घडतें. एरव्हीं सुमारें २ मिलिमीटर जाड असणारें वेष्टण ताठरतेच्या वेळीं पाव ते अर्धा मिलिमीटर इतकेंच उरतें.

असें असूनहि तें दुबळें म्हणतां येणार नाहीं. निरोगी मनुष्याच्या रक्ताचा वरचा दाब पाऱ्याच्या १२० मिलिमीटरच्या आसपास असतो. हें वेष्टण फाटावयास १५०० मिलिमीटरहून अधिक दाब लागतो असें मोजलें गेलें आहे. केवळ रक्त भरल्यानें एवढा जोर कधींच उत्पन्न होत नाहीं. परंतु ताठ झालेलें इंद्रिय एकाएकीं वांकविलें गेलें म्हणजे वांकाच्या ठिकाणीं क्षणमात्र तो उत्पन्न होतो आणि वेष्टण आडवें फाटतें. चीर बहुधा एकाच बाजूस, खालच्या अंगाला, एक-दोन सेंटिमीटर लांबीची असते. म्हणजे मोडलेलें कांहीं नसतें, फाटलेलें असतें. आवाज मात्र वाळकी काटकी मोडावी तसा होतो, आणि जुन्या डॉक्टरांना हें नांव सुचण्यास तो आवाज पुरेसा झाला असावा.

ही दुखापत ओळखण्यास फारशी विद्वत्ता लागत नाहीं. ‘कट्’ असा आवाज, त्याच क्षणीं तीव्र वेदना, लगेच ताठरता नाहींशी होणें, आणि थोड्याच वेळांत वाढत जाणारी सूज व काळेनिळेपण, हा क्रम इतका ठराविक आहे कीं अनुभवी डॉक्टर केवळ हकीकत ऐकून निदान करतो. इंद्रिय सुजून वांग्यासारखें जांभळें दिसूं लागतें आणि चिरेच्या विरुद्ध बाजूस कलतें. आंतलें दुसरें वेष्टणहि फाटलें असल्यास रक्त अंडकोशांत व मांड्यांच्या मधल्या भागांत पसरतें. क्वचित् केवळ एखादी वरवरची शीर तुटून अशीच सूज येते. तेव्हां आवाज झालेला नसतो व ताठरता हळूहळू ओसरते. पण हा भेद घरच्या घरीं करण्याजोगा नव्हे. सोनोग्राफी, आणि त्याहून अधिक स्पष्टपणें एम्. आर्. आय्., चीर कोठें आहे तें दाखवूं शकतात; मात्र हकीकत आणि लक्षणें जुळत असतील तर यंत्र मोकळें होण्याची वाट पाहात शस्त्रक्रिया लांबवूं नये असाच तज्ज्ञांचा कल आहे.

कारणांपैकीं निम्म्याच्या आसपास दांपत्यसंबंधांतील अपघात असतात. इंद्रिय निसटून समोरच्या हाडावर आदळलें म्हणजे तें घडतें. यांत दोष कोणाचाच नसतो, तरी बायको स्वतःलाच अपराधी मानून बसते आणि म्हणूनच तिच्याहि तोंडून शब्द फुटत नाहीं, असें डॉक्टरांना वारंवार आढळतें. झोपेंत कुशीवर वळणें, अंधारांत पलंगावरून पडणें, हींहि कारणें आहेत. एका प्रदेशांत तर कारण अगदींच निराळें निघालें. इराणच्या पश्चिमेस कर्मानशाह नांवाचें शहर आहे. तेथें पुरुषांत एक चमत्कारिक संवय रूढ होती: अवेळीं आलेली ताठरता घालविण्यासाठीं इंद्रिय हातानें दाबून ‘कट्’ असा आवाज काढावयाचा, बोटें मोडावींत तसा. स्थानिक बोलींत तिला ‘तकांदन’ म्हणतात. २००० सालीं त्या शहरांतील १७२ रोग्यांची हकीकत एका प्रमुख मूत्ररोगविषयक नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. त्यांतील दोन तृतीयांशांहून अधिक रोग्यांची दुखापत या संवयीपायीं झालेली होती. बोटें मोडणें आणि हें मोडणें यांत केवढें अंतर आहे हें त्या बिचाऱ्यांस दवाखान्यांत गेल्यावर कळलें.

आतां उपचाराकडे वळूं. विसाव्या शतकांत बराच काळपर्यंत या दुखापतीवर शस्त्र चालविण्याकडे डॉक्टरांचा कल नव्हता. थंड पट्ट्या, दाबून बांधलेलें बँडेज, अंथरुणांत विश्रांति, वेदनाशामक औषधें, आणि ताठरता येऊं नये म्हणून गुंगीचीं किंवा स्त्रीसंप्रेरकाचीं औषधें, एवढ्यावर काम भागवीत. सूज उतरे, रंग पालटे, आणि रोगी बरा झाला असें समजून घरीं जाई. खरा हिशेब पुढें कांहीं महिन्यांनीं कळे. फाटलेलें वेष्टण आपोआप सांधतें हें खरें. पण सांधतें तें वणाच्या रूपानें. वणाची ऊति मूळच्या वेष्टणाप्रमाणें ताणली जात नाहीं. फुग्याच्या एका अंगास चिकटपट्टी लावून तो फुगवावा म्हणजे पट्टीच्या बाजूस तो वांकतो, हें मुलांच्या खेळांत कोणीहि पाहिलें असेल. अगदीं तसेंच येथें घडतें. कोणाला बांक राही, कोणाला कठीण गांठ, कोणाला वेदना, आणि कोणाची ताठरतेची शक्तीच क्षीण होई. तो मनुष्य मग पुन्हा डॉक्टरकडे जाई असें नाहीं. एकदां लाज गिळून गेलेला मनुष्य दुसऱ्यांदा जाण्यास सहसा तयार होत नसतो. त्यामुळें जुन्या उपचाराचें अपयश कागदावर कमी आणि घरांत अधिक राहिलें असावें.

१९७० नंतरच्या दोन दशकांत पारडें फिरूं लागलें. चीर उघडून, सांकळलेलें रक्त काढून, वेष्टणाच्या कडा टांक्यांनीं जुळविल्या तर परिणाम कितीतरी चांगले येतात असा अनुभव देशोदेशींच्या शस्त्रवैद्यांस येत गेला. २०१६ सालीं ५८ अभ्यासांतील ३,२१३ रोग्यांचीं माहितीपत्रें एकत्र करून तपासण्यांत आलीं. शस्त्रक्रिया झालेल्यांत पुढचे उपद्रव नुसत्या औषधोपचारावर राहिलेल्यांपेक्षां स्पष्टपणें कमी होते. विशेषतः ताठरतेचा दोष आणि बांक हे दोन्ही. अमेरिकेच्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेनें २०१४ सालींच आपल्या मार्गदर्शनांत अशा रोग्यावर सत्वर शस्त्रक्रिया करावी असें नमूद केलें होतें. तेव्हां शस्त्रक्रिया करावी कीं नाहीं हा प्रश्न आतां जवळजवळ मिटला आहे. उरला आहे तो ‘केव्हां’ हा प्रश्न.

या प्रश्नावर विद्वानांत मतभेद आहेत, आणि ते समजून घेण्यासारखे आहेत. २०१८ सालीं युरोपांतील सात केंद्रांनीं मिळून १३७ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दुखापतीपासून सुमारें आठ तासांच्या आंत ज्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली त्यांचें पुढील आरोग्य उशीर झालेल्यांहून चांगलें राहिलें, असा त्याचा निष्कर्ष होता. उलट तुर्कस्तानांतील एका अभ्यासानें २०११ सालीं असें सांगितलें होतें कीं चोवीस तासांपर्यंतच्या विलंबानें ताठरतेचा गंभीर दोष किंवा मोठी विरूपता उत्पन्न होत नाहीं. आणि वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटांतले शस्त्रवैद्य तर याच्याहि पुढें गेले. त्यांनीं मुद्दाम आठवडा-दीड आठवडा थांबून शस्त्रक्रिया केल्या. तोंपर्यंत सूज ओसरलेली असते, चिरेची जागा बोटाला गांठीसारखी लागते, आणि सबंध कातडी मागें न सोलतां लहानशा छेदानें काम भागतें, असें त्यांचें म्हणणें. त्यांचे परिणामहि चांगले आले.

मग खरें कोणाचें? येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावयास पाहिजे. या दुखापतीचे रोगी इतके विरळ असतात, आणि अमक्यावर आज व तमक्यावर आठवड्यानें शस्त्रक्रिया करावी अशा चिठ्ठ्या टाकणें इतकें अवघड असतें, कीं वरील बहुतेक माहिती ही झाल्या गोष्टींची मागाहून केलेली नोंद आहे. जो रोगी उशीरा येतो तो कांहीं निवडून उशीरा आलेला नसतो. कदाचित् त्याची चीर लहान असल्यानें त्याला थांबणें सोसलें असेल. कदाचित् तो दूरच्या खेड्यांतला असेल. कदाचित् त्यानें मध्यंतरी कोणा हाडवैद्याकडून चोळून घेतलें असेल. अशा माणसाची तुलना दोन तासांत दाखल झालेल्या माणसाशीं करणें म्हणजे दोन निरनिराळ्या शेतांतलें पीक एका वजनानें मोजणें होय. आठ तास कीं चोवीस तास हा वाद म्हणूनच आंकड्यांनीं सहजासहजीं सुटणारा नाहीं.

परंतु वाद कशाचा आहे आणि कशाचा नाहीं हें पाहिलें तर घरच्या माणसास पुरेसा उजेड मिळतो. या सर्व शस्त्रवैद्यांचे रोगी इस्पितळांत होते, तपासलेले होते, मूत्रमार्ग शाबूत आहे कीं नाहीं हें ठाऊक झालेलें होतें. आणि त्यानंतर किती थांबावें हा त्यांचा वाद आहे. घरीं बसून सूज उतरण्याची वाट पाहावी असें त्यांपैकीं कोणीहि म्हटलेलें नाहीं. मध्यरात्रीं दोन वाजतां अननुभवी हातांनीं घाईनें टांके घालण्यापेक्षां सकाळीं सातला अनुभवी शस्त्रवैद्यानें नीट तयारीनें केलेली शस्त्रक्रिया बरी, हें बहुतेक मान्य करतील. पण ते पांच तास इस्पितळांतले असावे लागतात. पहिल्या दिवसांत रक्त नुकतेंच सांकळलेलें असतें, चिरेच्या कडा स्वच्छ असतात व हातीं लागतात. जसजसे दिवस जातात तसतशी सूज भोंवतालच्या ऊतींत मुरते, सांकळलेल्या रक्तांत जंतूंचा शिरकाव होण्याची भीति वाढते, आणि कांहीं आठवड्यांत वण घट्ट होऊं लागतो. वरील ५८ अभ्यासांच्या तपासणींतहि लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांतच एकंदर उपद्रव कमी आढळले.

एका प्रसंगीं मात्र हा वादहि उरत नाहीं. दर दहा रोग्यांतील एका-दोघांच्या बाबतींत चीर मूत्रमार्गापर्यंत पोंचते. इंद्रियाच्या टोकाशीं रक्ताचा थेंब दिसणें, लघवींतून रक्त जाणें, किंवा लघवी मुळींच न होणें हीं त्याचीं चिन्हें होत. लघवी जर फाटलेल्या मार्गांतून भोंवतालच्या ऊतींत शिरली तर तेथें पू होतो, आणि पुढें मूत्रमार्ग आकसून आयुष्यभराची कटकट मागें लागूं शकते. असा रोगी सकाळपर्यंतहि घरीं ठेवूं नये. लघवी होत नसेल तर कुंथून ती करण्याचा प्रयत्न करूं नये.

याच शेजारचें आणखी एक दुखणें येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं, कारण घरोघरच्या मुलग्यांना तें होण्याचा संभव कितीतरी अधिक असतो. अंडाला रक्त पुरविणाऱ्या दोरीस पीळ पडला म्हणजे एकाएकीं असह्य कळ येते, ओकारी होते, आणि तें अंड वर ओढलें जातें. बारा ते अठरा वर्षांच्या मुलांत हें विशेष आढळतें. येथें तासांचा हिशेब अतिशय कठोर आहे. सहा तासांच्या आंत पीळ सोडविला तर अंड बहुधा वांचतें. बारा तासांनीं तें निम्म्यांचेंच वांचतें. चोवीस तासांनंतर क्वचितच. मुलगा पोट दुखतें म्हणून सांगतो, कारण खरी जागा सांगण्याची त्याला लाज वाटते. आणि आई ओवा देते. शिश्नाच्या दुखापतींत कांहीं तासांची ढिलाई शस्त्रवैद्याला परवडते, पिळाच्या दुखण्यांत ती मुळींच परवडत नाहीं. दोहोंतला हा फरक आईबापांस ठाऊक असावा.

दुखापत झालेल्या रात्रीं घरीं करण्यासारखें फार थोडें असतें. गार पाण्यांत भिजवलेला कपडा हलक्या हातानें ठेवावा; बर्फ कातडीला उघडा लावूं नये. चोळूं नये, शेकूं नये, वांकडें झालेलें सरळ करण्याचा यत्न तर मुळींच करूं नये. भूल द्यावी लागण्याचा संभव असल्यानें खाणेंपिणें बंद ठेवावें; चहासुद्धां नको. आणि ज्या इस्पितळांत रात्रंदिवस शस्त्रक्रियेची सोय आहे तेथें जावें. मूत्ररोगतज्ज्ञ मिळाला तर उत्तम. पण जिल्ह्याच्या ठिकाणच्या अनुभवी शस्त्रवैद्यालाहि ही शस्त्रक्रिया जमण्याजोगी असते. तेथें गेल्यावर पाय घसरून पडल्याची गोष्ट रचून सांगण्यांत अर्थ नसतो. डॉक्टरला हवे असतात तीन-चार तपशील: किती वाजतां झालें, आवाज झाला का, ताठरता लगेच गेली का, लघवी झाली का आणि तींत रक्त होतें का. याहून अधिक विचारण्याचें त्याला कारण नसतें, आणि जो विचारतो त्याला उत्तर देण्याचें बंधनहि रोग्यावर नसतें.

शस्त्रक्रिया बहुधा तासाभराची असते. कातडी मागें सारून किंवा चिरेवरच लहान छेद घेऊन सांकळलेलें रक्त काढतात, चीर शोधतात व पुढें आपोआप विरघळणाऱ्या धाग्यानें शिवतात. मूत्रमार्ग शाबूत असल्यास लघवीची नळी एखादा दिवस राहते. तो फाटलेला असल्यास ती कांहीं आठवडे ठेवावी लागते. बहुतेकांना एक-दोन दिवसांत घरीं जातां येतें. त्यानंतर चार ते सहा आठवडे ब्रह्मचर्य पाळावें लागतें. या मुदतींत झोपेंत आपोआप येणाऱ्या ताठरतेनें टांके ताणले जातील या भीतीनें रोगी रात्रभर जागतो. नीट घातलेल्या टांक्यांना ती ताठरता सोसते हें त्याला घरीं जाण्यापूर्वींच समजावून सांगितलें तर त्याच्या कित्येक रात्री सुखाच्या जातील.

राहतां राहिले ते, ज्यांची वेळ आधींच टळून गेली आहे. दहा-बारा दिवसांनीं आलेल्या रोग्याची चीरहि शिवतां येते. त्रिनिदादच्या अनुभवानें एवढें तरी निश्चित दाखविलें आहे. परंतु जो तीन महिन्यांनीं, बांक आल्यावर, दाराशीं येतो त्याच्यापुढें घड्याळ उलटें फिरूं लागतें. पहिल्या रात्रीं ज्या शस्त्रवैद्यानें त्याला तासाचाहि अवधि दिला नसता, तोच आतां थांबावयास सांगतो. वण अजून पिकत असतो, बांक अजून बदलत असतो. त्याला आज कापलें तर उद्यां पुन्हा दुसरीकडे वांकेल. वेदना थांबून बांक कांहीं महिने एकाच जागीं स्थिर राहिला म्हणजे मग विरुद्ध बाजूचें वेष्टण टांक्यांनीं आंखडून किंवा वणाच्या जागीं ठिगळ लावून तो सरळ करतां येतो. पहिल्या उपायानें लांबी थोडी कमी होते, दुसऱ्यानें ताठरतेस थोडा धोका असतो. यांपैकीं काय पत्करावयाचें हें त्या मनुष्यानें व त्याच्या पत्नीनें डॉक्टरसमोर एकत्र बसून ठरवावें लागतें.